मागचं चाक काढायचं कधी, आणि काढलेलं पंक्चर टिकत का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हेदवीजवळच्या गावात राहता, पंक्चरचं दुकान गुहागरला, आणि घरात दोन सायकली. एक वडिलांची काळी २८ इंची, दुसरी मुलीची २६ इंची गिअरवाली. दोन्हींची मागची चाकं सारखी बसतात. पॅच लावता, हवा भरता, रात्री टायर कडक असतो आणि सकाळी रिमवर बसलेला. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. त्यात गिअरच्या सायकलचं चाक परत बसवताना चेनचा गुंता होतो. म्हणून विचारलंत की मागचं चाक काढायची बरोबर पद्धत कोणती.

पद्धत सांगतोच, पण तुमची खरी अडचण चाक काढण्यात नाही. काढलेलं पंक्चर टिकत नाही, म्हणून चाक वारंवार काढावं लागतंय. रात्रभरात हवा हळू जाते तेव्हा चारांपैकी एक गोष्ट असते: व्हॉल्व्ह गळतोय, पॅचची कड सुटतेय, काटा अजून टायरमध्येच आहे, किंवा दुसरं एखादं बारीक भोक राहून गेलंय. तुमच्याकडे यातलं कुठलं आहे ते सायकल न बघता सांगता येत नाही. शोधायचं कसं ते मात्र सांगता येतं, आणि तो शोध पाना हातात घ्यायच्या आधी सुरू होतो.

आधी व्हॉल्व्ह. पूर्ण हवा भरा, टोपी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा. अर्धा मिनिट बघत राहा. बुडबुडा हळूहळू फुगला तर पंक्चर नाहीच, चाक काढायचंही कारण नाही. २८ इंचीला बहुतेक जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल. त्यात पितळेची बारीक पिन असते, पिनेच्या बाजूला भोक असतं आणि त्यावर रबराची नळी चढवलेली असते, तीच वॉलट्यूब. हे रबर ऊन-पावसाने सैल पडतं नाहीतर चिकट होतं आणि मग हवा धरत नाही. जुनी नळी ओढून काढा, नवी पाण्यात ओली करून पिनेवर चढवा आणि बाजूचं भोक झाकून वरच्या खांद्यापर्यंत न्या. तेल लावून चढवू नका, तेलाने हे रबर फुगतं. मुलीच्या सायकलला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन सैल झालेली असू शकते. ती फिरवायची खाच असलेली धातूची टोपी मिळते, तिने अलगद आवळा.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर पुढचा प्रश्न: चाक काढायलाच हवं का? २८ इंचीच्या बाबतीत माझं उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असतं. त्या सायकलच्या मागच्या अ‍ॅक्सलवर चाकाबरोबर घोडा, कॅरिअरचे पाय आणि मडगार्डच्या तारा अशी सगळी मंडळी बसलेली असतात. शिवाय चेनकव्हर आड येतं, आणि रॉडचे ब्रेक असतील तर ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूने बसतात, तेही चुकवावे लागतात. एवढं उघडून पुन्हा जागच्या जागी बसवायला तासभर सहज जातो. त्यापेक्षा सायकल घोड्यावर उभी करा, चेन नसलेल्या बाजूने टायरची एकच कड काढा आणि ट्यूब तिथूनच बाहेर ओढा. चाक जागेवर, ट्यूब बाहेर लोंबतेय, खाली पाण्याचं घमेलं, अशा स्थितीत भोक शोधणं आणि पॅच लावणं सगळं होतं. ट्यूब किंवा टायर बदलायचा असेल तरच चाक सोडवा.

गिअरवालीचं चाक काढणं त्या मानाने सोपं आहे. तुमचा गुंता होतो तो बहुतेक एकाच कारणाने: चाक काढताना चेन मधल्या कुठल्यातरी चकतीवर असते. पेडल मारत गिअर बदला आणि चेन मागच्या सगळ्यात लहान, सगळ्यात बाहेरच्या चकतीवर आणा. तिथे ती सर्वांत सैल असते आणि चाकाला निघायला वाट मिळते. कोणत्या चकतीवरून काढली ते डोक्यात ठेवा, बसवताना त्याच चकतीवर ठेवायची आहे.

आता ब्रेक मोकळा करा. रिमवर दाबणारा व्ही-ब्रेक असेल तर दोन्ही हात एकत्र चिमटून वरची वाकडी नळी तिच्या खाचेतून सोडवा, नाहीतर फुगलेला टायर ब्रेकच्या रबरांत अडकतो. डिस्क ब्रेक असेल तर काही सोडवावं लागत नाही. फक्त चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नका, आणि मुलांचा हात जाईल अशी शंका असेल तर दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. मग गोणपाट अंथरून सायकल सीट आणि हँडलवर उलटी करा.

मागच्या अ‍ॅक्सलचे नट साधारणपणे १५ मिमीचे असतात. दोन्ही बाजूंचे नट आपापल्या बाजूला तोंड करून उभं राहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. समुद्राकाठच्या सायकलींचे नट खारट वाऱ्याने गंजलेले असतात, तेव्हा घिसाडघाई नको. आटे घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, तो नसेल तर केरोसीन सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाना पूर्ण बसलाय याची खात्री करून एकच ठाम झटका द्या. सैल पाना घसरला की नटाचे कोपरे जातात आणि मग पक्कड लावून लावून तो गोल होतो. खोबरेल घरात असतं म्हणून तेच घातलं जातं. ते आट्यांत फारसं शिरत नाही आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थिजतं, म्हणून या कामाला ते घेऊ नका.

नट, वायसर आणि कान असलेली पट्टी ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने कागदावर ओळीत ठेवा. स्वस्तातल्या गिअरच्या सायकलींत डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा तो लोंबता हात, एका पट्टीवर असतो आणि ती पट्टी फ्रेमच्या खाचेत छोट्या बोल्टने धरलेली असते. तो बोल्ट सोडू नका. तो सुटला की पट्टी हलते, आणि बसवताना गिअरची सगळी सेटिंग बिघडते. डिरेलर एका हाताने मागे ओढून धरा, दुसऱ्या हाताने चाक वर उचला, चेन बाजूला करा. चाक हातात येतं.

आता टायर. उरलेली हवा व्हॉल्व्ह दाबून, किंवा जुना असेल तर पिन काढून, पूर्ण सोडा. मग लोक लगेच टायर उचकायची पट्टी घालतात आणि टायर निघत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हर घेतात. रिमच्या मधोमध खोलगट नाळ असते. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही, पण तिचा काही भाग त्या नाळेत उतरवला की उरलेल्या भागाला ढिलाई मिळते. म्हणून दोन्ही अंगठ्यांनी टायर पूर्ण गोल फिरून, दोन्ही बाजूंनी, रिमच्या मध्याकडे दाबत या. त्यानंतर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला पट्टी घाला. व्हॉल्व्हपाशी घालू नका, कारण तिथे ट्यूबचा जाड भाग नाळेत बसलेला असतो आणि कड खाली उतरू देत नाही. पट्टी कडेखाली जेमतेम जाईल एवढीच सरकवा. खोल घातली की तिच्या टोकाखाली ट्यूब चिमटते आणि तुम्ही स्वतःच नवं भोक पाडता. पट्टी नसेल तर जाड स्टीलच्या चमच्याचा गोल दांडा चालतो. स्क्रूड्रायव्हर नाही.

एकाच बाजूची कड काढा. ट्यूब बाहेर काढताना टायर रिमवर सरकू देऊ नका आणि टायरच्या नावाचा कुठला भाग व्हॉल्व्हसमोर होता ते बघून ठेवा. पुढे याचाच उपयोग होतो. ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून जितक्या अंतरावर सापडेल, टायरमध्ये तितक्याच अंतरावर, व्हॉल्व्हच्या एका नाहीतर दुसऱ्या बाजूला, त्याचं कारण मिळतं.

ट्यूबमध्ये हवा भरा, नेहमीच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट फुगेल एवढी, म्हणजे बारीक भोकही मोठं होतं. आधी गालाजवळून किंवा ओल्या ओठांजवळून फिरवा. आपल्याकडे अंगणात वारा सारखा असतो, तिथे काहीच कळत नाही, त्यामुळे पडवीत किंवा घरात करा. मग घमेल्यात टप्प्याटप्प्याने बुडवा. ट्यूबला चिकटून वर येणारे मोठे बुडबुडे खोटे असतात. एकाच जागेवरून ओळीने निघणारे बारीक बुडबुडे खरे. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी करा, व्हॉल्व्हचं मूळही बुडवा. सापडलेल्या जागी बॉलपेनने ठिपका काढू नका, तो घासताना पुसला जातो. भोकापासून दोन-दोन बोटं लांब चार रेघा अशा मारा की त्या वाढवल्या तर भोकावर एकमेकींना छेदतील.

मग भोक वाचा. टायरच्या बाजूला एकच टोचा असेल तर काटा, काच किंवा तार. रस्त्यावर पडलेल्या ट्रकच्या फुटक्या टायरातल्या बारीक पोलादी तारा फार फसव्या असतात, बाहेरून दिसत नाहीत. कुंपणाची बोराटी, चिल्हारीचे आकडे, करवंदीचे काटे, आणि जेटीच्या आसपास फुटके शिंपले व कालवांच्या कपच्या हे आपल्याकडचे नेहमीचे गुन्हेगार. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. तिथे टायरमध्ये काही शोधत बसू नका, पुढच्या वेळी हवा पुरेशी भरा. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप, म्हणजे रिमच्या आतून बसवलेली पट्टी, सरकलाय किंवा फाटलाय आणि चाकाच्या तारेचं टोक टोचतंय, नाहीतर स्टीलच्या रिमला आतून गंजाचे पापुद्रे आलेत. खाऱ्या हवेत जुन्या रिमची ही खोड हटकून असते. पापुद्रे पॉलिश पेपरने घासा, टेप नवा घाला. भोक व्हॉल्व्हच्या मुळाशी असेल तर पॅच टिकणार नाही, ट्यूब बदला. असं भोक कमी हवेवर सायकल चालवल्याने पडतं, टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्हला ओढतो.

काट्याचं भोक असेल तर टायर आतून तपासल्याशिवाय पुढचं काही करू नका. तुमच्या 'सकाळी बसलेला' या तक्रारीचं मूळ इथे असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. काट्याचं मोडलेलं टोक टायरच्या जाडीत असतं. टायर मोकळा असताना ते आत दिसत नाही, वजन पडून रबर दबलं की ते मिलिमीटरभर डोकावतं आणि नव्या पॅचशेजारी टोचतं. कापसाचा बोळा आतून फिरवा. तो जिथे अडकेल, तंतू राहतील, तिथे टायर उलटा वाकवून बघा आणि टोक बारीक पकडीने ओढून काढा. उघडं बोट फिरवू नका, तार असली तर कापतं. सापडलं नाही तरी भोकाच्या अंतरावरून दोन्ही संभाव्य जागा बाहेरून पुन्हा बघा. टायरच्या आत वाळू असेल तर ती ओल्या फडक्याने पूर्ण काढा. पुळणीवरून सायकल नेली असेल तर वाळू कडेपाशी साठते आणि ट्यूब घासत राहते.

आता पॅच. दुसरा संशय यावर, आणि पावसाळ्यात त्रास वाढतो म्हणालात त्यामुळे जरा बळकटच. ट्यूब खारट पाण्यात, घामात किंवा चिखलात असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं. मग पॉलिश पेपरने पॅचपेक्षा बोटभर मोठी जागा घासा, चमक जाऊन काळा मंद रंग येईपर्यंत. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असते, ती पॅचखाली येत असेल तर सपाट करा, तिच्या कडेने हवा वाट काढते. धूळ कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. फुंकर नको, श्वास ओला असतो, आणि पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका.

सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. बहुतेक पॅच इथे फसतात: जाड थर दिला, ओला असतानाच पॅच ठेवला, वरून दाबून धरला. सोल्युशन हे फेव्हिकॉल नव्हे. त्यातला द्रावक उडून गेल्यावर उरलेला रबराचा थर पॅचच्या खालच्या थराशी जुळतो. द्रावक आत अडकला तर पॅच वरून चिकटल्यासारखा वाटतो आणि रात्रभराच्या दाबाने कड सोडतो. उन्हाळ्यात पाच-सहा मिनिटं पुरतात, जून ते सप्टेंबरमध्ये दहा ते पंधरा. ओली चमक गेली आणि थराच्या कडेला बोट टेकवलं तर चिकटत नाही, म्हणजे वेळ झाली.

पावसात आणखी एक गोष्ट घडते. द्रावक उडताना रबराचा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं. डोळ्यांना फार तर थर किंचित धुरकट दिसेल. त्यावर लावलेला पॅच महिना सोडा, आठवडाही काढत नाही. उपाय साधे आहेत. ट्यूब आधी कोमट करून घ्या: ऊन असेल तर उन्हात ठेवून, नाहीतर कोरड्या फडक्याने जोरात चोळून. थर पातळ द्या. पहिला सुकल्यावर दुसरा पातळ थर द्या, एक जाड नको. काम बाहेर पडवीत नको, घरात कोरड्या जागी करा, मात्र चूल, गॅस आणि विडी-सिगरेटपासून लांब, कारण द्रावक भडकन पेटतो. पॅच लावून झाल्यावर ती जागा कोरड्या हातानेच हाताळा.

पॅचमागची चांदी काढल्यावर आतल्या बाजूला हात लावू नका. भोक मधोमध येईल आणि चारही बाजूंनी किमान १ सेंमी पॅच राहील असा ठेवा, मग मधून कडेकडे गोल बाटलीने किंवा पान्याच्या दांड्याने दाबत जा. कडांना जास्त वेळ द्या. वरचा पारदर्शक कागद ओढताना पॅचची कड उचलली जात असेल तर तो राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. सोल्युशनचा थर पॅचबाहेर पसरलेला असेल तर त्यावर टाल्कम पावडर टाका, नाहीतर ट्यूब टायरला चिकटते. आणि तपासण्यासाठी लगेच ट्यूब बाहेरच फुगवू नका. मोकळी ट्यूब ताणते, पॅच तेवढा ताणत नाही, कड उचलते. टायरच्या आत घालून मगच पूर्ण हवा भरा.

दुकानातले पॅच संपले असतील तर जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो, कोपरे गोल कापून. दोन्ही बाजू, म्हणजे तुकडा आणि ट्यूब, सारख्या घासा, दोन्हींवर सोल्युशन लावा आणि दोन्ही सुकू द्या. बिनसोल्युशनचे चिकटपट्टीसारखे पॅच मिळतात. ते घरी पोहोचण्यापुरते समजा, आपल्या उकाड्यात फार दिवस धरत नाहीत. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आत वाळते, ती प्रवासाला निघायच्या आधी दाबून बघा.

इथवर आलेली जमा-खर्चाची बाजू अशी: व्हॉल्व्ह तपासला, भोक वाचलं, टायरमधलं कारण काढलं, कोरडा पॅच लागला. आता परत बसवणं. टायरला मोठी चीर असेल तर आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा ठेवा, नाहीतर ट्यूब चिरेतून फुगून फुटते. ट्यूबमध्ये ती नुसती गोल राहील एवढीच हवा घाला. व्हॉल्व्ह आधी भोकात, मग उरलेली ट्यूब टायरमध्ये, पिळा न पडता. व्हॉल्व्हचा नट आत्ता आवळू नका. कड व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करा आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे या. शेवटचा वीतभर भाग घट्ट जातो. तेव्हा थोडी हवा सोडा, आधी बसलेली कड पुन्हा नाळेत ढकला, की हातानेच चढते. पट्टीने चढवाल तर ट्यूब चिमटायची दाट शक्यता.

कड चढल्यावर व्हॉल्व्ह आत ढकलून परत बाहेर घ्या, म्हणजे त्याखाली अडकलेली ट्यूब सुटते. दोन्ही बाजूंनी टायर बाजूला करत पूर्ण फेरी बघा, कुठे काळी ट्यूब डोकावत नाही ना. अर्धी हवा भरून चाक फिरवा. टायरच्या कडेजवळची बारीक गोल रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. मग पूर्ण हवा. किती, हे टायरच्या बाजूला छापलेलं असतं, तोच आकडा खरा. २६ इंची जाड टायरला साधारण ४० ते ५० पीएसआय, २८ इंचीला ५० च्या आसपास, मागे सामान किंवा माणूस असेल तर छापलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला. नवा टायर किंवा ट्यूब आणताना नुसतं '२६ इंची' सांगू नका. मिमीतला आकडा बघा: जाड टायरच्या २६ इंचीला ५५९ आणि २६ x १ ३/८ ला ५९० असतो, आणि हे एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत.

चाक जागेवर ठेवताना डिरेलर मागे ओढा, चेनचा वरचा पदर (सायकल सरळ असताना वर असतो तो) सगळ्यात लहान चकतीवर बसवा आणि अ‍ॅक्सल खाचेत तळाशी पूर्ण जाऊ द्या. वायसर काढलेल्या क्रमाने. दोन्ही नट आलटून पालटून थोडेथोडे आवळा आणि मध्येच बघा की टायर फ्रेमच्या दोन पायांच्या बरोबर मध्ये आहे. आट्यांना ग्रीसचं बोट फिरवा, पुढच्या वेळी गंजाशी भांडण कमी होईल. २८ इंचीचं चाक कधी काढावंच लागलं तर चेनचा ताण बघा: वरखाली दीड सेंमीच्या आसपास हलली पाहिजे. एकाच जागी घट्ट आणि बाकी सैल वाटली तर घट्ट जागेवर मोजा.

व्ही-ब्रेकची नळी खाचेत परत बसवली का, हे चाक फिरवून आणि मूठ दाबून बघितल्याशिवाय मुलीला सायकल देऊ नका. आपल्याकडे प्रत्येक खाडीकडे उतार आहे. आणि पहिल्या फेरीनंतर मागचे दोन्ही नट पुन्हा एकदा आवळून घ्या, नवीन बसवलेले वायसर दबून ते थोडे सैल पडलेले असू शकतात.